पोपटी स्वेटर

धूळभाऊंचं सारं आयुष्य धुळीत गेलं, असं त्यांची ताई चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हवेतली धूळ गोळा करायची आणि मायक्रोस्कोपखाली धरून तिच्यात प्लास्टिक किती ते शोधायचं, हेच त्यांचं काम. प्रयोगशाळेत त्यांना सगळे धूळभाऊच म्हणत. घरच्या कपाटावर मात्र बोटभर धूळ साचली तरी ती त्यांना दिसत नसे.

या खेपेला गोष्ट त्यांच्या जिवाशी आली होती. डोंगराच्या पार शिखरावर, जिथं कुत्रंही फिरकत नाही, तिथल्या एका खोपटात त्यांनी हवा ओढणारा पंप बसवला होता. वाऱ्यावर बसून प्लास्टिक तिथवरही पोचतं, असं त्यांचं म्हणणं. पण आजवर कधी पंप गोठला, कधी फिल्टर भिजला. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या होत्या, "भाऊ, आता शेवटची संधी. या वेळीही हात हलवत आलात, तर पंप खाली आणायचा."

भाऊ वर जाऊन फिल्टर घेऊन आले. भाऊंनी श्वास रोखून मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खुर्चीतच उडाले. धागा! चांगला पोपटी, झगझगीत प्लास्टिकचा धागा! शेजारी आणखी एक. पलीकडे तर झुबकाच.

"बाई, लवकर या! एवढा भडक रंग आपल्याकडे कोण वापरतो? हा परमुलखातल्या गालिच्याच्या कारखान्यातला असणार. समुद्र ओलांडून आलाय पठ्ठ्या!"

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून भाऊंच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"समुद्र राहू द्या, भाऊ. आधी मागं वळा."

मागं सूचनाफलक होता. त्यावर भाऊंचाच फोटो. शिखरावर पंपाला मिठी मारून उभे, दात काढून हसताहेत, आणि अंगात ताईनं विणलेला पोपटी स्वेटर.

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. आपला धागा नमुन्यात पडला तर ओळखू यावा, म्हणून प्रयोगशाळेत सगळे लाल सुती कोट घालायचे. हा नियम भाऊंनीच घातलेला. एकदा सहकाऱ्याचे नायलॉनचे मोजे त्यांनी दाराबाहेर काढायला लावले होते. पण स्वेटर म्हणजे ताई. ताई प्लास्टिकची असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिवाय निघताना तिनं दम भरला होता, "वर अंगातून काढलास तर गाठ माझ्याशी आहे!"

"मग पंप खाली आणू?" भाऊ पुटपुटले.

"घाई कसली? पोपटी तेवढं वेगळं करा. काय उरतं ते बघू."

भाऊ दिवसभर मान मोडून बसले. पोपटी सगळं बाजूला काढल्यावर तळाशी उरले थोडे निळे धागे आणि काही पारदर्शक कण. मग त्यांनी दुसरा फिल्टर घेतला. तो वर नेऊन पंपात न घालता नुसता उघडून मिटलेला होता, आपलीच घाण किती पडते ते कळायला. त्यावर पोपटी भरपूर होतं. निळं शोधूनही सापडलं नाही.

म्हणजे निळं भाऊंचं नव्हतं. ते वाऱ्यानंच आणलेलं होतं.

बाईंनी दोन्ही फिल्टर तपासले. "पंप राहू द्या वर. आणि ताईंचे आभार माना. त्यांनी समंजस निळा रंग निवडला असता, तर आज आपलं काही खरं नव्हतं. बाकी पोपटी धागे कुठून आले, तेही अहवालात लिहायचं हं."

"काय लिहू?"

"खरं तेच. ताईंकडून."

घरी पोचल्यावर ताईला सांगायचं म्हणजे भाऊंना शिखर चढण्याहून अवघड वाटत होतं. सांगितलं कसंबसं. ताईच्या सुया थांबल्या.

"म्हणजे एवढ्या उंचावर जाऊन घाण केली ती मी?"

"तसं नाही गं. तू निदान सापडलीस. ते निळे धागे कुणाच्या ताईनं विणले, कुणाच्या अंगावरून उडाले, काही पत्ता लागत नाही."

 ताई हातातलं विणकाम उसवू लागली. तेही तसल्याच प्लास्टिकच्या धाग्याचं होतं. भाऊंसाठी मफलर चालला होता.

"मेंढीची लोकर आणते," ती म्हणाली. "अंगाला टोचेल, तक्रार करायची नाही. रंग कुठला आणू? जरा सभ्य?"

"नको," भाऊ घाईघाईनं म्हणाले. "पोपटीच आण."