पोस्टरवरचा पहेलवान

दिवाळी जवळ आली की वडशातली नाटक कंपन्यांची ऑफिसं लग्नघरासारखी गजबजतात. गावोगावची मंडळी आपल्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला येतात, रस्त्याने पोस्टरं न्याहाळत फिरतात आणि ज्या पोस्टरवर नजर ठरली त्या ऑफिसात शिरतात. नाटकाची गोष्ट काय आहे, ते नंतर विचारतात. त्यामुळे पोस्टर काढणारी माणसं या दिवसांत फार भाव खातात, आणि नूतन यंदा जरा जास्तच खात होती. तिने चंद्रपूरहून अल्ट्रा-वाइड लेन्स आणली होती. दुसऱ्याची वापरलेली होती, पण तेवढं खोलात कोण शिरतो!

भैयाजींच्या कंपनीचं अंगण एवढंसं. कलाकार एका भिंतीला टेकले आणि नूतन समोरच्या भिंतीला चिकटली, तरी दरवर्षी कोणीतरी फोटोबाहेर राहायचं. कोणीतरी म्हणजे लहानूभाऊच. कंपनीचे विनोदी नट, अंगाने अगदी काडी. ते उजव्या टोकाला उभे राहायचे आणि पोस्टरवर कधी त्यांचा कान यायचा, कधी अर्धं नाक. यंदा तर भैयाजींनी त्यांना तोंडावरच सांगून टाकलं होतं, "लहानू, आता लोकायले डान्स पायजे. तुह्यासाठी कोणी नाटक मागतलं तर ठीक, नाई तर यंदा तू घरी आराम कर."

नूतनला ते ऐकून फार वाईट वाटलं. लहानपणी नाटकाला आईच्या मांडीवर पेंगताना तिला खदखदा हसवून जागं केलं होतं ते याच माणसाने.

"लहानूभाऊ, यंदा तुमी पूर्ण येता," ती कॅमेरा लावताना म्हणाली. "ह्या काचीत सारं अंगण मावते."

लहानूभाऊंनी मान डोलावली, पण इतक्या वर्षांचे पोळलेले ते. नूतन बटण दाबणार तोच ते हळूच दोन पावलं पुढे सरकले आणि हातातला सोटा त्यांनी कॅमेऱ्यावर रोखला. डाव्या भिंतीवरून कोवळं ऊन थेट लेन्समध्ये येत होतं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर नूतनला सगळे दिसले, ऊनही झकास दिसलं. तिने घाईघाईत पोस्टर जुळवून छापायला धाडलं.

पोस्टरं छापून आली आणि भैयाजींनी कपाळावर हात मारला. मधोमध उभी असलेली नायिका ज्योत्स्ना शाळकरी पोरीएवढी दिसत होती. टोकाचे लहानूभाऊ मात्र दोन माणसांएवढे रुंद फुगले होते. रोखलेला हात सुपाएवढा, सोटा म्हणजे सागाचा ओंडका. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सूर्यापासून हिरव्या-तांबड्या गोळ्यांची तिरपी रांग निघाली होती. तिच्यातला सगळ्यात मोठा गोळा लहानूभाऊंच्या छातीवर बिल्ल्यासारखा चमकत होता.

"नूतन, हिरोईन कुठी हाय?" भैयाजींनी विचारलं.

"मधात हाय ना."

"दुर्बीण आणू काय?"

"भैयाजी, ही काच कडंच्या माणसाले ताणते. अन् जो जवळ येते त्याले अजून फुगवते. समोरून ऊन आलं का ते आतल्या काचीवर आपटून असे गोळे पाडते." ही सगळी विद्या ती आत्ताच मोबाइलवर वाचून आली होती, पण ते तिने सांगितलं नाही.

दुसरं पोस्टर छापायला वेळ नव्हता. भैयाजींनी तेच दारावर लावलं आणि लहानूभाऊंना चहा आणायला पिटाळलं. आपण या माणसाला पोस्टरवर आणायला गेलो आणि कंपनीतूनच घालवून बसलो, असं नूतनला वाटत होतं.

तेवढ्यात एटापल्लीकडची चार मंडळी दारात थबकली. त्यांचा म्होरक्या दसरू पोस्टरसमोरून हलेना.

"हा पहेलवान कोण होय?" त्याने आत येत विचारलं. "आमाले हेच नाटक पायजे. पण हा गडी आला पायजे बरं."

भैयाजींचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "तो... गावाले गेला," ते म्हणाले.

"येईपर्यंत बसतो आमी. पायल्याबिगर ठरवणार नाई."

नेमके तेव्हाच लहानूभाऊ चहा घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भैयाजी डोळ्यांनी खुणावत होते, पण लहानूभाऊंनी चहा खाली ठेवला, पोस्टरशेजारी जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला.

"गावाले नाई गेलो. मीच तो होय."

दसरूने एकदा पोस्टर पाहिलं, एकदा माणूस पाहिला. "फसवून राह्यले काय आमाले?" तो उठला. त्याच्यामागे बाकीचेही उठले.

आता गप्प राहिलो तर सगळं गेलं, हे नूतनला कळलं. "दसरूभाऊ, जा, पण एक फोटो काढून जा," ती म्हणाली. तिने चौघांना अंगणात उभं केलं, दसरूला उजव्या टोकाला, दोन पावलं पुढे, हात रोखून. डावीकडे तेच ऊन होतं. फोटो काढून तिने कॅमेरा त्यांच्या पुढ्यात धरला. पडद्यावर दसरूचा पंजा सुपाएवढा होता आणि हिरवा गोळा बरोबर त्याच्या ढेरीवर बसला होता. त्याचेच सोबती पोट धरून हसायला लागले.

लहानूभाऊंनी संधी साधली. कोपऱ्यातला सोटा उचलून, छाती फुगवून, मांडीवर थाप मारून ते ढगासारखा आवाज काढत अंगणात शिरले, "कोन होय तो, ज्याले माह्याशी लढाच हाय?" आणि शेवटच्या शब्दाबरोबर सोट्याच्या वजनाने स्वतःच कोलमडले. हसून हसून दसरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"भैयाजी, ठरलं," तो डोळे पुसत म्हणाला. "पण गावात कोणाले सांगू नका. पोस्टर असंच लावा. सारं गाव पहेलवानाची वाट पायत बसू द्या, अन् मंग ह्याले असाच आणा. आमी फसलो, तर ते काऊन सुटतीन?"

भैयाजींनी लहानूभाऊंकडे पाहिलं. "उद्या तालमीले वेळेवर ये," ते म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा त्यांनी स्वतः ओतला. नूतनला इतका आनंद झाला की तिने लेन्सचं झाकण तीनदा लावलं आणि काढलं. हे सगळं दारातून बघत असलेल्या ज्योत्स्नाने तिला हळूच बाजूला घेतलं आणि पुढच्या वर्षी कडेला उभी राहू का म्हणून विचारलं.

लहानूभाऊंनी एकच पोस्टर मागून घेतलं, बायकोला दाखवायला. रुखमाबाईंनी आजवर पोस्टरवर नवऱ्याचा कान नाही तर अर्धं नाकच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला ते वेळेआधी हजर होते. "मंग, काय म्हणाल्या बाई?" नूतनने विचारलं.

"पोस्टर चुलीसमोरच्या भिंतीले लावलं," लहानूभाऊ म्हणाले. "मंग मले जेवाले वाढलं. म्हणे, तुमी पोटभर खा, ह्या पहेलवानाले वाढणं मले परवडत नाई."