जुन्या पाइपाचं भेंडोळं

भोंगाकाकांची होडी बरोब्बर नदीच्या मधोमध बंद पडली, आणि तीही अकरा माणसं बसलेली असताना. प्रवाह तिला पुलाच्या खांबाकडे ओढू लागला. दोघांनी जिवाच्या आकांताने वल्ही मारली म्हणून निभावलं. काठाला लागल्याबरोबर काका तडक आमच्या वर्कशॉपात आले. त्यांचा आवाजच असा, की खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही.

"महिन्यापूर्वी तूच इंजिन उघडलं होतंस ना? हे असलं काम?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिच्या कामात खोट नाही. आधी पेट्रोल बघा. अल्कोहोल मिसळतात हल्ली त्यात. इंजिनांची पार वाट लावलीय."

बोलायला सोपं होतं, कारण सगळेच तसं बोलत होते. गवत कापायचं यंत्र सुरू होईना, दोष पेट्रोलचा. करवत धूर ओकते, दोष पेट्रोलचा. मीही त्यातलीच. पंधरा वर्षं इंजिनं दुरुस्त करतेय, तरी बाईमाणसाने केलेलं काम लोक दोनदा तपासून घेतात. खापर दुसरीकडे फुटत असेल तर मला हवंच होतं.

त्यात रविवारी होडीवाल्यांची बैठक होती. नदीवरच्या सगळ्या होड्यांची इंजिनं आमच्याकडे ठेवायची की पलीकडच्या मोठ्या वर्कशॉपला द्यायची, ते तिथे ठरणार होतं. मी म्हटलं, पेट्रोलचा दोष पुराव्यानिशी दाखवूनच देते.

काकांच्या इंजिनाचा कार्बुरेटर उघडला. ज्यातून पेट्रोल आत जातं त्या जेटच्या बारीक भोकात काळा चुरा अडकला होता. टाकी स्वच्छ, गाळणी स्वच्छ. गाळणीपासून कार्बुरेटरपर्यंत वीतभर रबरी पाइप असतो, तेवढाच उरला. तो मीच बसवला होता, भिंतीवरच्या भेंडोळ्यातून कापून. बाबांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं ते भेंडोळं. "असा रबर आता मिळत नाही," हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं.

त्याचा एक तुकडा आणि सुट्या भागांच्या दुकानदाराने मागे नमुना म्हणून दिलेल्या नव्या पाइपाचा एक तुकडा घेतला. दोन बरण्यांत पंपावरचं तेच पेट्रोल ओतून बुडवून ठेवले. खरं सांगते, दोन्ही सारखेच खराब निघावेत म्हणून मी मनातून धावा करत होते.

बरण्या उघडल्या चौथ्या दिवशी, म्हणजे बैठकीच्याच सकाळी. नवा पाइप जसाच्या तसा. जुना फुगलेला, चिकट. चिमटीत दाबला तर बोटं काळी झाली.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पेट्रोल सगळ्यांच्याच टाकीत तेच होतं. दुकानदाराने तर स्पष्ट सांगितलं होतं, की या पेट्रोलात जुना रबर टिकत नाही. मी हो हो म्हटलं आणि नमुना खणात टाकला. घरात भेंडोळं असताना विकत कोण आणणार? स्वतःचा असा संताप आला, की हातातला पाना भिंतीवर भिरकावावासा वाटला. तो पाइप मी आणखी सहा होड्यांना बसवला होता.

बाबांनी तुकडा बोटांत चोळला, बराच वेळ चोळत राहिले.

"बैठकीत बोलू नकोस," ते म्हणाले. "पेट्रोलच म्हण. मग गुपचूप एकेक बदलू."

"तोवर एखादी होडी खांबावर गेली तर?"

"लोक म्हणतील, बाईच्या हाती दिलं म्हणून झालं."

"म्हणू देत. लोकांचं तोंड मला धरता येत नाही, पाइप बदलता येतो."

त्यांचा चेहरा बघवेना. मी सायकल काढली, दुकानदाराला घरून उठवून आणलं आणि नवा पाइप आणि त्या दोन बरण्या घेऊन थेट धक्क्यावर बैठकीला गेले.

बैठकीत उभी राहिले. बरण्या सगळ्यांसमोर ठेवल्या आणि काय झालं ते सांगून टाकलं.

"म्हणजे पेट्रोलचा दोष नाही?" कुणीतरी विचारलं.

"पेट्रोल बदललंय, हे खरंच. मला ते माहीत होतं. म्हणूनच चूक माझी."

मागून बाबांचा आवाज आला. ते कधी आले, कळलंच नव्हतं. "भेंडोळं माझं होतं."

"कापून बसवलं मी," मी म्हटलं.

"अकरा माणसं होती गं," काका म्हणाले. "एकीच्या कडेवर लेकरू होतं."

मी सगळ्या होडीवाल्यांकडे वळले. "या सात होड्या आत्ता पाण्यात उतरवू नका. अंधार पडायच्या आत सातही पाइप बदलून देते. मग काम कुणाला द्यायचं ते ठरवा."

कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. मी पहिल्या होडीत उतरले. थोड्या वेळाने बाबा शेजारी येऊन बसले आणि पाइप आवळायच्या पट्ट्या एकेक करून हातात देऊ लागले. प्रत्येक कार्बुरेटर उघडला, धुतला, पुन्हा बसवला. दोन होड्यांच्या जेटमध्ये चुरा साचायला लागला होता. तो मी मालकांना बोलावून दाखवला.

काकांची होडी शेवटची. त्यांनी दोर ओढला, इंजिन सुरू झालं.

"काठावर काय, कुठलंही इंजिन चालतं," ते म्हणाले. "मधोमध नेऊन बंद करणार आणि तिथे पुन्हा सुरू करणार. तू बसायचंस."

"बसते."

हात पुसून वळले, तर बाबा आधीच होडीत चढून पुढच्या फळीवर बसले होते.

"तुम्ही कशाला?" काकांनी विचारलं.

"पाइप माझाही होता," बाबा म्हणाले. "खांबावर जायची वेळ आली, तर तिघं जाऊ."

काकांनी होडी लोटली.