दाराच्या आतली भोकं

कुलूपवाल्या मामांना गप्प बसवत नसे. शेजाऱ्याच्या घंटीला कुत्र्याचं भुंकणं जोड, मेहुण्याच्या सायकलला भलतंच कुलूप ठोक, असले उद्योग. पन्नाशी आली तरी पोरकटपणा जात नाही, म्हणून त्यांच्या बहिणीने, ताईने, कपाळाला हात लावलेला.

त्या दिवशी पोहण्याच्या तलावावरच्या सरांनी बोलावलं. सर म्हणजे सगळ्या आईबापांच्या गळ्यातले ताईत. ताईची मुलगीही त्यांच्याच हाताखाली पोहायची. मामा तिला मासोळी म्हणत.

"या खोलीच्या दाराला आतून कडी बसवा," सर म्हणाले. "मुलींचे दुखरे खांदे बघावे लागतात, येणाराजाणारा डोकावतो."

शेजारीच भिंतीवर नव्या कायद्याचा कागद चिकटवला होता. त्यावरच्या चित्रातल्या माणसाला मामांनीच मागे मिशा काढल्या होत्या. आज पहिल्यांदा वाचला. मुलं ज्याच्या हवाली केली आहेत त्याने आतून दार लावायचं नाही. त्याने गैर वागल्यावर 'मुलगी हो म्हणाली' ही सबब चालणार नाही. कळूनही गप्प बसेल तोही गुन्हेगार.

"सर, हे वाचलंत का? कडी लावली तर मला आत टाकतील. तिथला बिछाना मला मानवत नाही."

"तपासणी होऊन गेली हो परवा," सर हसले.

कडी ठोकण्याआधी लाकूड चाचपायची मामांची सवय. बोट एके ठिकाणी खालीवर झालं. रंगाखाली लांबीचा लगदा भरून बुजवलेली भोकं. नखाने दाबलं तर लांबी अजून मऊ होती.

"आधी होती वाटतं इथे?"

"छे, पहिल्यांदाच बसवतोय." सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. नजर मात्र हलत नव्हती.

मामांना मासोळी आठवली. मध्यंतरी त्यांनी मासोळीच्या डब्यात रबरी पाल ठेवली होती. पूर्वी ती घर डोक्यावर घ्यायची. या वेळी तिने नुसतं झाकण लावलं. मोठी झाली पोरगी, एवढंच मामांना वाटलं होतं.

"लाकूड फुगलंय, सर. दुकानात नेऊन रंधा मारावा लागेल." त्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवायला घेतले.

"आजच हवं होतं मला."

"का? आज कोण यायचंय?"

"तुमचीच भाची. खांदा धरलाय तिचा."

मामांच्या हातातून स्क्रू निसटला आणि गडगडत सरांच्या पायाशी गेला. सरांनी तो उचलून दिला, अगदी अदबीने.

दार पाठीवर घेऊन मामा बाहेर आले आणि ताईला फोन लावला.

"ताई, पोरीला आजपासून इथे पाठवू नकोस. सरांचं लक्षण ठीक नाही."

"पुरे हं तुझं. मागे मी वारल्याचा खोटा फोन तूच केला होतास ना सगळ्यांना? देवमाणसाला तरी सोड." फोन बंद.

सगळ्या जन्माची थट्टा आज अंगाशी आली. मासोळी तलावाच्या पायऱ्यांवर टॉवेल पांघरून बसली होती.

"ऊठ, दाराचं एक टोक धर. तुझ्या मामाची कंबर गेली."

"सर ओरडतील, मामा."

"ओरडू दे."

पोलीस चौकीतल्या बाई दार बघून हसायलाच लागल्या. "मामा, मागे रिकामी पेटी आणून बॉम्ब म्हणालात. आज काय?"

मामांनी नखाने लांबी उकरली. "बघा. तपासणीपुरती कडी काढली, आता परत बसवायला सांगतोय."

"मामा, भोकं कुठल्याही दाराला असतात. तुम्हीच पाडली नसतील कशावरून?"

 

मासोळीने दाराचं टोक सोडलं नव्हतं. तिचा अंगठा हळूहळू सरकत बरोबर त्या भोकांवर गेला.

"पितळेची होती," ती म्हणाली. "लावताना आवाज यायचा नाही."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मधला दरवाजा सताड उघडा ठेवला. "बस, बाळा. मामा इथेच थांबतील."

मामांच्या खिशातला फोन वाजायला लागला. सरांचा होता.