खुडूक समजून

दीपमाला माहेरी कुरुंद्याला निघाली तेव्हा उंबऱ्यातून दोनदा मागं वळली. "आत्याबाई, तांबडीकडं लक्ष असू द्या. उद्या सांजच्याला येते."

तांबडी ही तिची कोंबडी. पिलू होती तेव्हा सुनेनं ती माहेरून पदराखाली घालून आणलेली. मी म्हटलं, "जा गं निवांत. मला काय कोंबडी कळत न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारला सप्त्याची सांगता होती, दहाला काल्याचं कीर्तन. रानातल्या हळदीच्या कामापायी माझी आधीची चार कीर्तनं हुकली होती. हे चुकवायचं नाही, असं मनाशी धरलेलं. सकाळी अंगण झाडताना पाहिलं, तर तांबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली. दाणे टाकले तरी उठेना. मला वाटलं, खुडूक झाली. अंड्यांवर बसायचं खूळ चढलं की कोंबडी अशीच बसून राहते, आणि गार पाण्यात बुडवून आमच्याकडं ते खूळ उतरवतात. बाया रिक्षात बसून हाका मारत होत्या. मी तांबडीला बादलीत तीनदा बुडवलं, डालग्याखाली झाकलं, वर दगड ठेवला आणि गेले.

कीर्तन फार गोड झालं. बुवा भूतदयेवर बोलले. मृदंग थांबवून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, मुक्या जिवाला सांगता येत नाही, म्हणून तर देवानं आपल्याला डोळे दिले. माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "लई हळवं मन तुमचं." मला ते ऐकून बरं वाटलं. आता सांगायचीही लाज वाटते.

घरी आले, डालगं उचललं. तांबडी अजून ओलीच. शेपटी पाडून उभी होती आणि मधूनच सगळं अंग आवळून जोर लावत होती. बाहेर काही येत नव्हतं.

मी भिंतीवरून शेजारच्या रूपाबाईला हाक मारली. तिचा जन्म शेळ्यामेंढ्यांत नि कोंबड्यांत गेलेला. आली तशी तिनं तांबडीच्या पोटाखाली हात घातला.

"ओली काहून है ही?"

"खुडूक वाटली. बुडवली."

"मंजी माळकरनीनं कोंबडीला तीर्थस्नान घातलं म्हना की." रूपाबाई हसली. मग मागून चाचपता चाचपता तिचं हसू गेलं. "खुडूक असती तर हात लावताच अंगावर आली असती, टोचलं असतं. ही बघ कशी मुकाट है. अंडं अडकून राहिलं बाई हिचं. इथं हाताला गोळा लागतो. गार पान्यानं आनखी आवळली."

"टरफलं घालता का खायाला?" रूपाबाईनं पुढं विचारलं.

अंड्याला कवच धरावं म्हणून आधी दीपमाला अंड्यांची टरफलं कुटून कोंबड्यांना टाकायची. गेल्या माघात मी माळ घातली आणि घरात अंडं शिजणार नाही, असं सांगून टाकलं. तेव्हापासून अंडी शेजारी जायला लागली, टरफलंही तिकडंच राहिली. "रूपामावशीकडून टरफलं तेवढी आनू का?" असं सुनेनं एकदा विचारलंही होतं. मी म्हणाले होते, "ती घाण नको माझ्या अंगणात."

रूपाबाईनं घमेल्यात कोमट पाणी घ्यायला लावलं. तांबडीला पोटापर्यंत त्यात बसवलं, मागच्या बाजूला तेलाचं बोट लावलं. "पोट दाबू नको. आत फुटलं तर गेलीच म्हन." मी पोराला, शिवहारला फोन केला. त्यानं जनावरांच्या औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली. त्यातले थेंब चोचीच्या कडेनं सोडले. रूपाबाई शेळ्या घेऊन गेली आणि मी धरून बसले. पाणी निवलं की बदलायचं, पुन्हा धरायचं. नाम घ्यावं म्हटलं, तर जीभ उचलेना. आपणच बुडवायचं आणि आपणच देवाला हाक मारायची, कोणत्या तोंडानं?

उन्हं कलली तेव्हा तिनं एक जोर लावला आणि माझ्या हातात अंडं पडलं. मऊ, नुसत्या कातड्याचं. माळ घातल्यापासून मी अंड्याला हात लावला नव्हता. तसंच धरून राहिले. तांबडीनं मान टाकली. गेली असं वाटलं, पण थोड्या वेळानं वाटीतलं पाणी प्याली.

दीपमाला आली. शिवहारनं अंगणातच तिला सांगितलं, "माय दुपारपासून हिच्यापाशीच है, जेवलीबी न्हाई."

तिचे डोळे भरले. "आत्याबाई, तुमी होत्या म्हनून वाचली."

तेवढ्यावर राहिलं असतं. रूपाबाई बोलली नसती. पण ते वाक्य मला गिळवेना. मी सगळं सांगितलं. बादली, दगड, टरफलं, सगळं.

दीपमाला जुन्या लुगड्याच्या फडक्यानं तांबडीला पुसत होती. पुसता पुसता तिनं विचारलं, "सकाळपासूनच बसून होती?"

"व्हय."

"मंजी तुमी कीर्तनाला गेल्या तव्हा तिला तकलीफ होतच होती."

"व्हय."

फडक्यात गुंडाळून तांबडीला तिनं छातीशी घेतलं आणि उठली.

"चुलीपाशी ऊब राहते, रातभर तिथंच ठेवते," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी आत गेले आणि तांबडीसाठी चुलीजवळची जागा मोकळी करून दिली.