आवाजाचा रकाना

ग्राहक:

“आता कोणी बोलू नका,” मेकॅनिक म्हणाला.

काउंटरपलीकडे बसलेल्या सरांनी पाटीवर लिहिलं: ‘मी दोन वर्षं बोललेलो नाही.’

ते वाचून सगळ्यात आधी त्यांची बायकोच हसली. सर शाळेत कवायत शिकवायचे. त्यांची हाक मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जायची. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता गळ्याशी रुमाल आणि हातात पाटी.

वस्तू: हार्ड डिस्क, एक. जुन्या कॉम्प्युटरमधली.

तक्रार:

“कॉम्प्युटर चालूच होत नाही, दादा,” सरांची बायको म्हणाली. “ऑपरेशनच्या आधी, बाळ पोटात होतं तेव्हा, यांनी गोष्टी बोलून ठेवल्यात. अकरा आहेत. लेक येतेय बाळाला घेऊन. त्याला आजोबांचा आवाज नको का कळायला?”

“दुसरीकडे कॉपी ठेवलीय, ताई?”

“आहे ना. कॉम्प्युटरमध्येच.”

आवाज:

हा रकाना दुरुस्तीच्या छापील कार्डावर नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मेकॅनिकने तो पट्टीने आखून घेतला. त्याचं निदान यावरच चालायचं. डिस्कवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, वीज द्यायची आणि डोळे मिटायचे. आत चकत्या फिरतात; त्यांना न शिवता वाचणारा एक काटा वर तरंगत असतो. काटा चुकला की टक्. चार टक् ऐकायचे आणि वीज तोडायची. चारांत त्याला कळायचं. लोक त्याला ‘कान’ म्हणायचे. ‘कान आहेत का दुकानात?’ असं विचारत यायचे.

त्याने डोळे मिटले.

मागच्या टेबलावर त्याची बायको सोल्डरिंग करत होती. पहिला टक् आला तसा तिने हात थांबवला आणि सवयीने मोजायला लागली. दोन. तीन. चार.

आता प्लग काढेल.

पाच. सहा. काहीतरी वेगळं शोधत असेल. त्याच्या कामात ती मध्ये बोलत नसे. सात. गेलं वर्षभर ती घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होती. आठ. ‘तुझं पुटपुटणंच वाढलंय,’ असं तो म्हणायचा आणि तिने ते मानलंही होतं. नऊ.

“गप्प फिरतेय,” डोळे न उघडता मेकॅनिक म्हणाला. “मोटर छान आहे.”

दहा.

सरांनी काउंटरवर थाड्‌कन हात मारला. तो आवाज मात्र मेकॅनिकला ऐकू आला. डोळे उघडले तर समोर पाटी: ‘टकटक करतेय!’

अकरा. मेकॅनिकच्या बायकोने प्लग ओढला.

~~आवाज: नाही. ठीक.~~

निदान:

“अहो, मग एवढा वेळ ऐकत काय होतात?” सरांची बायको म्हणाली.

मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. टकांची थरथर बोटांना लागली होती. ती त्याने मोटरची धरली होती.

“काटा गेलाय, ताई. दर टकाला चकतीवर ओरखडा पडतो. चारवर थांबायला हवं होतं. मला ऐकू आलं नाही.” मग सरांकडे वळून म्हणाला, “माझ्याकडून नुकसान झालंय, सर. आता मी हात लावत नाही. डिस्क उघडून काम करणारी लॅब आहे, तिकडे पाठवा. दोन महिने लागतील, पण जास्त मिळेल.”

सरांनी पाटी पुसली. लिहिलं. पुन्हा पुसलं. शेवटी ठेवलं ते असं: ‘घशाच्या वेळी वाटच पाहिली होती. आता. इथेच.’

“सगळं जाऊ शकतं.”

सरांनी ‘इथेच’खाली रेघ मारली.

कार्डावर जागा नाही, म्हणून मागच्या बाजूला:

डिस्क थंड होऊ दिली. मग कामं वाटली. ऐकणार सर. टक् आला की हात वर. प्लगपाशी मेकॅनिकची बायको. पडद्यासमोर तो. सर्वांत लहान फाइल आधी घ्यायची, तेवढी तरी पुरती उतरेल.

वीज दिली. फाइलींची नावं आली. सर्वांत लहान होती ‘चाचणी’. हिरवी पट्टी सरकत टोकाला पोचली. पुढची घेतली, ‘गोष्ट एक’. पट्टी जरा हलली, आणि सरांचा हात वर गेला. कवायतीत जायचा तसा, सरळ, कोपरात न वाकता.

प्लग निघाला. त्यानंतर डिस्क फिरली नाही.

आवाज:

मेकॅनिकने ‘चाचणी’ लावली. पडद्यावर उभ्या रेघा उसळल्या. त्याने स्पीकर पूर्ण मोठा केला आणि तिघांचे चेहरे बघत राहिला.

“हॅलो, हॅलो! येतोय का माझा आवाज? अगं, तो पंखा बंद कर आधी. हसू नकोस. बाळाला वाटेल, आजोबा येडा आहे. हसू नकोस म्हणतो ना...”

मग दोघांचं हसणं. संपलं.

सरांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. “पुन्हा लावा, दादा,” ती त्यातून म्हणाली. मेकॅनिकला ते समजलं नाही. त्याच्या बायकोने पुढे होऊन पुन्हा लावलं.

तिसऱ्या वेळी त्याने कार्ड आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

“आवाजाचा रकाना तू भर.”

“काय लिहू?” ती म्हणाली. मग त्याच्या समोर येऊन, सावकाश: “काय लिहू?”

“जे येतंय ते.”

तिने लिहिलं: ‘खणखणीत. शेवटी दोघं हसतात.’

त्याने ते दोनदा वाचलं.