भंडाऱ्यासकट दागिने

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मोबाइल, एक गोल दिवा आणि गादीवर पसरलेल्या ठुश्या, चिंचपेट्या, झुमके. सगळं ऑनलाइन विकते. विक्रीतला एक वाटा गंगापूरकडच्या एका वस्तीवर जनावरांच्या पाण्याला, असं पेजवर ठळक लिहिलंय. ती वस्ती माझ्या सासरची आहे, हे मात्र मी लिहिलं नव्हतं. लोक काय म्हणतील, याची धास्ती.

यंदा तिथल्या विहिरीने तळ दाखवला होता. सासरे, म्हणजे सूर्यभानमामा, रोज फोनवर एकच सांगायचे, "शनिवारपातूर टँकर नाय आला तर मेंढरं व्यापाऱ्याला." मग माझ्या सासूबाई, बानाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एरवी हीच बाई अख्खी बिल्डिंग दणाणून सोडायची.

बुद्धपौर्णिमेच्या आधी ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला. अजून थोड्या आल्या की टँकर नक्की! मी उड्याच मारल्या आणि घाईत आत्याबाईंना पॅकिंगला बसवलं. माझी अक्कल शेण खायला गेली ती इथे.

पौर्णिमेच्या सकाळी दारावर धडाधड थापा. उघडते तर समोर पांढरीशुभ्र साडी नेसलेली एक बाई, गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळीधमक. नाकाचा शेंडासुद्धा पिवळा.

"प्रांजली कोण?"

"ती बाहेर गेलीय," मी म्हणाले.

"प्रांजले, कोन आलंय गं?" आतून आत्याबाई ओरडल्या.

बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराआड जागा शोधू लागले. "मी मेघा. मागच्याच गल्लीत राहते. विहारात निघाले होते. म्हटलं, तुमच्याकडची नवी ठुशी घालू. डबी उघडली तर फुस्स! मी काय हळदीची नवरी आहे?"

मी आत्याबाईंकडे वळले. त्या पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "भंडारा टाकलाय म्या. समद्या डब्यात. घरातला जिन्नस भाईर चालला, लोकाच्या लेकीबाळी अंगावर घालणार, मंग भंडाऱ्याबिगर कसा धाडायचा? मेंढरू धाडताना बी टाकतोच की!"

समद्या डब्यात! म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे आज फुस्स होणार. माझ्या डोळ्यांसमोर टँकर उलटा फिरून निघून गेला.

"थांबा, डाग काढून देते," म्हणत आत्याबाईंनी मेघाचा पदर धरला आणि मी नको नको म्हणेपर्यंत कपड्याचा साबण चोळलासुद्धा. हळदीवर साबण! पिवळ्याचं क्षणात लालभडक झालं.

मेघाने किंकाळी फोडली आणि मोबाइल काढून सरळ लाइव्ह सुरू केलं. "बघा, बघा या दागिनेवाल्यांचे प्रताप!"

आत्याबाईंना वाटलं, पलीकडे मेघाच्या घरचे लोक आहेत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "माजी चूक झाली बाप्पा. तुमच्या लेकीला दुसरी साडी देते."

मेघाने खालची एक कॉमेंट मोठ्याने वाचली. "हे म्हणे दान करतात. कुणाला?"

मी डोळे मिटून घेतले.

"मेंढरांला," आत्याबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांची हायत, तशी माजी बी हायत. लपवायचं काय त्यात? मालक शनिवारी इकणार म्हनत्यात. पाणीच नाय तर काय करतील? तान्ही कोकरं हायत वो."

मेघाने लाल पदराकडे पाहिलं, मग आत्याबाईंच्या साबणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. मीही फिदीफिदी हसायला लागले. आत्याबाई आम्हा दोघींना वेड्यात काढत होत्या आणि तिकडे कॉमेंटी वाहत होत्या. 'मला पण एक ठुशी.' 'भंडाऱ्यासकटच पाठवा.' 'आजीला सांगा, मेंढ्या विकू नका.' मेघा पत्ते वाचत होती, मी लिहीत होते. अंगावरचा तो लाल-पिवळा अवतार बदलायला ती घरी गेली आणि विहारातून आल्यावर खीर घेऊन परत पॅकिंगला बसली. पेजवर मी त्याच दुपारी लिहून टाकलं, वस्ती आमचीच आहे.

शनिवारी सकाळी मामांचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल त्यांनी उलटा धरला होता, त्यामुळे आधी आभाळ दिसलं, मग धोतर, मग टँकरने भरलेला हौद. हौदाच्या चारी बाजूंनी मेंढरं दाटीने माना घालून पीत होती. आत्याबाई मोबाइलला नाक लावून एकेकीला नावाने हाका मारायला लागल्या.

"आन व्यापारी?" मध्येच थबकून त्यांनी विचारलं. "आला नाय का?"

"आलाय की. हितंच उभाय," मामा म्हणाले. "त्याला म्हणलं, मेंढरं पाणी पिऊ लागलीत, मधी बोलू नको."