विहिरीच्या तळाची शेळी

साहेब, सोसायटीच्या कोरड्या विहिरीचा फोटो पाहून तुम्ही तलवाड्याचा टँकर बंद केलात! फोटोत तळ काळाभोर आला होता, त्याला तुम्ही पाणी समजलात.

मग चेअरमन बबनरावांना ‘विहिरीत पाणी आहे’ अशा अहवालासाठी नवा फोटो हवा झाला. फोटो धुवायचं जुनं औषध संपलेलं, म्हणून सत्तार फोटोग्राफरनं बायकोच्या शिव्या खात घरातल्या पिण्याच्या पाण्यात दुसरंच कालवलं. त्यात सावलीतलंही सगळं उजळलं. पायऱ्या उतरून गारव्याला गेलेली शेळी तळाशी निवांत रवंथ करत होती!

"शेळी काढ बे!" बबनराव ओरडले.

"फोटोतनं का विहिरीतनं?"

"फोटोतनं! जुनं औषध आण."

"आणतो की. पण कालवायला पाणी न्हाई, चेअरमनसाहेब."

सत्तारनं तोच फोटो तुम्हाला टपालानं धाडला. बोला, शेळी पोहत होती का? टँकर कधी सोडताय?